१९६१ ची लिंकन कॉन्टिनेंटल निवृत्तीच्या पैशांतून घ्यावी का?

प्रश्न : मी ५० वर्षांचा असून मिशिगनमधील नोव्हाय येथे राहतो आणि मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत अभियंता आहे. मला १९६१ ची, चार दारांची, बंद टपाची लिंकन कॉन्टिनेंटल ४८,००० डॉलरना मिळत आहे. माझ्या ४०१-के या नोकरीतील निवृत्ती बचत खात्यात ३ लाख १० हजार डॉलर आहेत. त्यावर ४०,००० चे कर्ज काढावे आणि उरलेले ८,००० हाताशी असलेल्या २०,००० च्या बचतीतून घालावेत, असा विचार आहे. विकणारा म्हणतो की ही गाडी म्हणजे गुंतवणूकच आहे. मुलगी दोन वर्षांनी कॉलेजात जाईल. वडील ८१ वर्षांचे आहेत, चिंचवडला असतात. पिंपरीच्या कारखान्यात टूलरूममध्ये त्यांनी ३५ वर्षे काढली. यंदा जुलैमध्ये ते तीन महिन्यांसाठी येत आहेत आणि त्यांना या गाडीतून फिरवावे अशी माझी फार इच्छा आहे. आपला सल्ला हवा आहे.

उत्तर : सप्रेम नमस्कार. माझे मत आधीच सांगतो. निवृत्तीच्या खात्यावर कर्ज काढून ही गाडी आत्ता घेऊ नये. मात्र आपल्या पत्रात मला दोन वेगवेगळ्या इच्छा दिसतात, एक गाडी घेण्याची आणि दुसरी वडिलांना त्या गाडीत बसवण्याची. पहिलीसाठी थांबता येईल, दुसरीसाठी थांबू नये, म्हणून दोन्हींचा विचार स्वतंत्रपणे करतो.

आपली निवड हौसेखातर असली तरी ती अजाणतेपणी केलेली नाही, हे मी मानतो. टूलरूममध्ये आयुष्य घालवलेल्या माणसाच्या मुलाला लिंकनची ओढ वाटावी, याला तसेच कारण आहे. ही कंपनी १९१७ मध्ये स्थापन करणारे हेन्री लेलँड हे मुळात अवजारे आणि मोजमाप यांतले कारागीर होते. शस्त्रांच्या कारखान्यांत आणि पुढे ब्राउन अँड शार्प या अचूक यंत्रसामग्री बनवणाऱ्या कंपनीत त्यांचा हात तयार झाला होता. १९०२ मध्ये डेट्रॉइटमधील हेन्री फोर्ड कंपनीच्या गुंतवणूकदारांनी कारखाना मोडीत काढण्यापूर्वी मूल्यांकनासाठी त्यांना बोलावले, तेव्हा त्यांनी कारखाना विकू नका, माझे इंजिन घेऊन गाड्या बनवा, असा सल्ला दिला आणि त्यातून कॅडिलॅकचा जन्म झाला. १९०८ मध्ये इंग्लंडमधील ब्रुकलँड्स येथे तीन कॅडिलॅक गाड्या पूर्ण सुट्या करून त्यांचे भाग एकमेकांत मिसळण्यात आले आणि त्या ढिगातून पुन्हा तीन गाड्या जोडून प्रत्येकी ५०० मैल चालवण्यात आल्या. एका गाडीचा भाग दुसरीत कानस न लावता बसतो, ही गोष्ट त्या काळी किती मोठी होती, हे आपल्या वडिलांना वेगळे सांगावे लागणार नाही. अमेरिकेतील दोन्ही मोठ्या आलिशान गाड्यांच्या कंपन्या एकाच माणसाच्या हातून उभ्या राहिल्या, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते.

तथापि याच इतिहासातला पुढचा भाग सल्लागार म्हणून मला आपल्यापुढे ठेवावाच लागेल. पहिल्या महायुद्धात लिंकनने विमानांची लिबर्टी इंजिने बनवली. युद्ध संपल्यावर लेलँड गाड्यांकडे वळले, पण त्यांची पहिली लिंकन १९२० मध्ये नेमकी मंदीत बाजारात आली. सरकारची कराची मोठी मागणी अंगावर आली, कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि फेब्रुवारी १९२२ मध्ये फोर्डने ती ८० लाख डॉलरना विकत घेतली. काही महिन्यांतच लेलँड पितापुत्र बाहेर पडले. आपल्यावर विश्वास ठेवून समभाग घेतलेल्यांचे पैसे परत मिळावेत म्हणून लेलँड न्यायालयातही गेले, पण त्यांना यश आले नाही. वस्तू उत्तम होती, बनवणारा सचोटीचा होता, तरीही तिच्यात घातलेला पैसा बुडाला. वस्तूचा दर्जा आणि पैशाची वाढ यांचा संबंध आपल्याला वाटतो तितका सरळ नसतो, एवढेच मला यातून सांगायचे आहे.

आता आपल्या गाडीकडे वळू. १९५८ ते १९६० या काळातील लिंकन अवाढव्य होत्या आणि कंपनी इतकी तोट्यात होती की ती बंद करावी का, असा विचार फोर्डमध्ये चालू होता. फोर्डचे डिझाइनर एल्वुड एंगल यांनी खरे तर फोर्डच्याच थंडरबर्ड गाडीसाठी केलेला एक आराखडा कंपनीचे वरिष्ठ अधिकारी रॉबर्ट मॅकनमारा यांच्या नजरेस पडला आणि त्यातून १९६१ ची कॉन्टिनेंटल घडली. सरळ रेषांची, भपका टाळलेली, मागची दारे उलट्या बाजूने उघडणारी ही गाडी आपल्या घराजवळच्या विक्समच्या कारखान्यात बनत असे, जो २००७ मध्ये बंद झाला. प्रत्येक इंजिन मिनिटाला ३,५०० फेऱ्यांच्या वेगाने तीन तास चालवून, मग उघडून तपासून पुन्हा जोडले जाई आणि तयार गाडी १२ मैल रस्त्यावर फिरवून जवळपास २०० बाबी पडताळल्या जात. त्या भरवशावरच कंपनीने २४ महिने किंवा २४,००० मैलांची हमी दिली होती. त्या वर्षी बंद टपाच्या २२,३०३ आणि उघड्या टपाच्या २,८५७ गाड्या बनल्या. आपल्याला मिळणारी गाडी पहिल्या, म्हणजे संख्येने मोठ्या गटातली आहे आणि किमतीच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे.

विकणाऱ्याचे गुंतवणुकीचे विधान तपासायला फार लांब जावे लागत नाही. १९६१ मध्ये या गाडीची किंमत ६,०६७ डॉलर होती. तेव्हापासून २०२४ पर्यंत अमेरिकेतील ग्राहक किंमत निर्देशांक साधारण साडेदहा पट झाला आहे, म्हणजे ते पैसे २०२४ च्या हिशेबाने सुमारे ६३,७०० डॉलर होतात. आपल्याला सांगितलेली किंमत ४८,००० आहे. गाडी सहा दशके जपली, गॅरेजात ठेवली, विमा भरला, दुरुस्त्या केल्या आणि त्या साऱ्यानंतरही मूळ किमतीची क्रयशक्ती भरून आलेली नाही. अशा वस्तूला मी गुंतवणूक म्हणू शकत नाही. ती हौस आहे, आणि हौस म्हणून तिला माझा विरोध नाही.

पुढचा हिशेबही मांडतो. गाडी आपल्या नावावर करताना मिशिगनचा ६ टक्के कर, म्हणजे २,८८० डॉलर भरावे लागतील, तेव्हा खरी किंमत ५०,८८० होते. विमा, दुरुस्ती, टायर, बॅटरी आणि हिवाळ्यातील ठेवणी यांसाठी मी वर्षाला ३,५०० धरतो. माझ्या अनुभवात हा आकडा जास्तीचा नाही. आपण ६२ व्या वर्षी निवृत्त होताना, म्हणजे १२ वर्षांनी, गाडी अगदी ७०,००० ला विकली गेली असे मानले, तरी तोवर एकूण ९२,८८० डॉलर खर्च झालेले असतील. शिवाय कधी नफा झालाच, तर संग्राह्य वस्तू म्हणून त्यावर २८ टक्क्यांपर्यंत केंद्रीय कर लागू शकतो आणि तोटा झाला तर स्वतःच्या वापरातील वस्तूचा तोटा म्हणून त्याची वजावटही मिळत नाही.

या गाड्यांचे मालक काय सांगतात, हेही ऐकण्यासारखे आहे. माझा सल्ला घेणाऱ्या एका गृहस्थांकडे याच पिढीतील १९६३ ची कॉन्टिनेंटल होती. त्यांच्या गॅरेजात मी तिच्या मागच्या आसनावर बसलो आहे. पुढच्या आणि मागच्या दारांच्या मुठी मधोमध एकमेकींशेजारी येतात, दार जड असूनही दोन बोटांनी फिरते आणि बंद होताना बँकेच्या तिजोरीसारखा दबका आवाज करते. त्या आवाजासाठी माणूस बरेच काही सोसेल, हे मला तिथे समजले. मग त्यांनी फळीवरून एक जाड वही काढली. त्यात तारीखवार नोंदी होत्या : कार्ब्युरेटर, पाण्याचा पंप, ब्रेकच्या नळ्या, वायपरची गळती. या गाडीचे वायपर विजेवर चालत नाहीत, स्टिअरिंगच्या पंपातील तेलाच्या दाबावर चालतात, त्यामुळे ते बिघडले की साधा मेकॅनिक हात लावत नाही. चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि त्यांना एकच तेलवाहिनी असल्यामुळे एका ठिकाणची गळती चारही चाकांचे ब्रेक घालवू शकते. गॅलनला १० ते १२ मैलांपेक्षा अधिकची अपेक्षा धरू नये. या तक्रारी सांगताना त्या गृहस्थांच्या चेहऱ्यावर जराही पश्चात्ताप नव्हता, कारण ती गाडी त्यांनी घराचे कर्ज फिटल्यावर, मुले कमावती झाल्यावर आणि वेगळ्या साठवलेल्या पैशांतून घेतली होती.

आपल्या बाबतीत नेमकी हीच बाजू कच्ची आहे. ४०१-के खात्यातून जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत, पण कमाल ५०,००० डॉलर कर्ज मिळू शकते आणि ते पाच वर्षांत फेडायचे असते, त्यामुळे आपली मागणी नियमात बसते. साडेआठ टक्के व्याज धरले तर महिन्याला सुमारे ८२० डॉलर पगारातून कापले जातील. ते व्याज आपल्याच खात्यात जाते हे खरे आहे आणि हप्ते शेवटपर्यंत सुरळीत गेले, तर निवृत्ती निधीचे नुकसान आवाक्यात राहील, हेही मी प्रामाणिकपणे सांगतो. खरा धोका नोकरीचा आहे. सुट्या भागांच्या धंद्यात कपात कशी येते, हे आपण माझ्यापेक्षा जवळून पाहिले असेल. समजा वर्षभराने नोकरी गेली. तेव्हा सुमारे ३३,३०० डॉलर फेडायचे उरलेले असतील आणि ते पुढील प्राप्तिकर विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत भरता आले नाहीत, तर ती रक्कम काढून घेतल्याचे मानले जाईल. साडेएकोणसाठच्या आतील वय म्हणून १० टक्के दंड, २२ टक्के केंद्रीय प्राप्तिकर आणि मिशिगनचा ४.२५ टक्के कर मिळून साधारण १२,००० डॉलर जातील. नोकरी नसताना, मुलगी कॉलेजच्या उंबरठ्यावर असताना आणि गाडीचा कर भरून बचत खात्यात ९,१२० च उरलेले असताना हा घाव बसेल. मग जुनी गाडी घाईने विकावी लागेल आणि घाईच्या विक्रीत या गाड्यांना भाव मिळत नाही, कारण घेणारे मोजके असतात आणि ते थांबू शकतात.

म्हणून माझी सूचना अशी आहे. जो ८२० चा हप्ता आपण कर्जासाठी द्यायला तयार होता, तोच दरमहा वेगळ्या बचत खात्यात टाकावा. साडेचार वर्षांत ४४,२८० जमा होतील आणि आपले ८,००० त्यात घातले की करासकट गाडीची आजची किंमत उभी राहते. मधल्या काळात मुलीच्या शुल्कासाठी त्यातले काही लागले तर बिनदिक्कत वापरावे, कारण पहिला हक्क तिचा आहे. गाडी मिळण्याची वेळ त्यामुळे लांबेल आणि ते चालण्यासारखे आहे. बंद टपाच्या या गाड्या बाजारात येत राहतात. घेताना दुरुस्तीला काढलेली स्वस्त गाडी घेऊ नये, आधीच नीट राखलेली घ्यावी आणि विमा ठरलेल्या रकमेचा घ्यावा, म्हणजे अपघात झाला तर घसारा वजा करून भरपाई देण्याचा प्रश्न येणार नाही.

राहिला प्रश्न वडिलांचा, आणि तो मला पैशांच्या प्रश्नाहून मोठा वाटतो. त्यांना गाडीत बसवण्यासाठी गाडी मालकीची असावी लागत नाही. राष्ट्राध्यक्ष केनेडींची प्रसिद्ध कॉन्टिनेंटलसुद्धा व्हाइट हाउसने फोर्डकडून वर्षाला ५०० डॉलर भाड्याने घेतलेली होती. अशा गाड्या लग्नसमारंभांसाठी चालकासह दिवसभर भाड्याने मिळतात. त्यावर काही शे डॉलर खर्च करायला मी आपल्याला आनंदाने सांगेन. ती केनेडींची गाडी डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे आणि हिकरी कॉर्नर्स येथील गिलमोर कार म्युझियमच्या आवारात लिंकनचे स्वतंत्र दालन आहे. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जी मोठी मिरवणूक १९९५ पासून भरते, तेव्हा वडील इथेच असतील. त्यांच्यासाठी घडीची खुर्ची बरोबर घ्या, सकाळी लवकर पोहोचा आणि कॉन्टिनेंटल उभी दिसली की तिच्या मालकाशी मोकळेपणाने बोला. हे लोक आपली गाडी दाखवायलाच आलेले असतात.

तिथे वडिलांना पुढच्या आणि मागच्या दारांमधल्या फटीवरून बोट फिरवू द्या. या गाडीला वेगळी चौकट नाही, पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो. मिशिगनच्या रस्त्यांवरील मिठाने तो खालून गंजला की गाडी मधोमध किंचित खचते आणि ती फट वर एक, खाली एक अशी होते. रंगाखाली लपवलेली ही खोट टूलरूममधल्या माणसाच्या बोटाला लगेच कळेल. गाडी पाहायला जाताना आणखी काय काय हाताने तपासायचे, ते त्यांच्याकडून त्याच दिवशी वहीत लिहून घ्या.