उतारावर दगड रचण्याआधी

संरक्षक भिंतीसाठी दगड निवडण्याआधी आपण एका चांगल्या पावसात उतारावर उभे राहून पाणी कुठून येते आणि कुठे जाते, हे पाहावे. अशी भिंत बहुधा मागे तुंबलेल्या पाण्याच्या दाबाने ढासळते. म्हणून तिच्यामागे सुमारे ३० सेंटीमीटर रुंदीचा खडीचा थर आणि तळाशी छिद्रांची नळी हवीच. माझी पहिली भिंत दुसऱ्याच पावसाळ्यात पोट काढून पुढे आली, कारण मागे मी खणलेली चिकणमातीच लोटली होती.

बिनचुन्याच्या रचनेत सर्वांत मोठे दगड जमिनीखाली दाबावेत, वरचा प्रत्येक दगड खालच्या दोहोंच्या सांध्यावर बसवावा आणि भिंत मीटरभर उंचीला साधारण १५ सेंटीमीटर मागे, चढाच्या बाजूला, कलती ठेवावी. मीटरभराहून उंच भिंत अभियंत्याला विचारल्याशिवाय बांधू नये.

पायऱ्या खालून वर रचाव्यात, म्हणजे वरच्या दगडाची पुढची कड खालच्याच्या मागच्या कडेवर टेकते. पायरीच्या उंचीची दुप्पट अधिक पाऊल ठेवण्याची रुंदी ६० ते ६५ सेंटीमीटर भरली की चाल सहज पडते. पंधराची उंची असेल, तर रुंदी तीस-पस्तीस ठेवावी. पाणी साचू नये म्हणून दगडाला पुढे किंचित उतार द्यावा, आणि पायाखाली जरा जरी डुगडुगला, तरी तो उचलून पुन्हा बसवावा.