जुना सॅक्सोफोन घेताना

प्रश्न : १९२० च्या दशकातील एक आल्टो सॅक्सोफोन मला विकत मिळत आहे. तो चकचकीत दिसतो, मात्र त्यातून खालचे स्वर निघत नाहीत. पॅड बदलले की वाद्य ठीक होईल, असे विक्रेता म्हणतो. हे खरे मानावे का?

उत्तर : पॅड, म्हणजे कळेखालची छिद्र झाकणारी मऊ गादी, ही झिजणारी आणि बदलता येणारी वस्तू आहे, जे बदलता येत नाही ते आधी पाहावे. त्या काळात काही वाद्ये आजच्यापेक्षा चढ्या पट्टीत, म्हणजे ए स्वर ४४० ऐवजी सुमारे ४५७ हर्ट्झला धरून बनवली जात. अनुक्रमांकाजवळ ‘लो पिच’ किंवा नुसते ‘एल’ कोरलेले असेल, तर वाद्य आजच्या पट्टीतले आहे. ‘हाय पिच’ किंवा ‘एच’ असेल, तर ते घेऊ नये. माउथपीस, म्हणजे तोंडात धरायचा भाग, बाहेर ओढून एखादा स्वर जुळवता येतो, परंतु छिद्रांची जागाच आखूड नळीसाठी ठरवलेली असल्याने बाकीचे स्वर आपसांत बेसूर होतात.

चकाकीने मला तरी शंकाच येते. बेलवरील, म्हणजे वाद्याच्या पसरट तोंडावरील, नक्षी पुसट आणि कडा बोथट असतील, तर पितळ घासून लॅकर, म्हणजे चकाकी देणारा लेप, नव्याने चढवलेले असावे. त्याने किंमत उतरते. वादन बिघडतेच असे नाही.

खालचे स्वर अडतात म्हणून दोष खालच्याच पॅडमध्ये आहे, असे समजू नये. वर कुठेही हवा गळत असेल, तर त्याखालचे सगळे स्वर अडखळतात. अंधाऱ्या खोलीत नळीत बारीक दिवा सोडावा, कळा अगदी हलक्या बोटांनी मिटाव्यात आणि पॅडच्या कडेने उजेड झिरपतो का ते पाहावे. जोराने दाबल्यास गळती लपते. प्रत्येक कळ आडवी हलवूनही पाहावी. ती डुगडुगत असेल, तर नवे पॅडही फार दिवस नीट बसणार नाहीत, आणि विक्रेत्याचे म्हणणे तिथेच लंगडे पडते. नळी एका डोळ्याने सरळ रेषेत निरखावी. मान, म्हणजे माउथपीस बसतो ती वरची वाकडी नळी, खाली दबलेली असेल, तर तिच्या वळणावर नळीचा गोलपणा गेलेला दिसतो.

शेवटी आपल्या सवयीच्या माउथपीसने मधल्या बी स्वरापासून एकेक स्वर खाली उतरत, हळू फुंकून वाजवावे. सोबत जुना माउथपीस मिळाला तर तो टाकू नये. आजच्या अरुंद पोकळीच्या माउथपीसवर ही जुनी वाद्ये पुष्कळदा सुरात राहत नाहीत.