घातक रसायनांवर कडक कायदे करण्यापेक्षा लोकांना जागरूक करणं जास्त उपयोगी नाही का?

नाही. सात वर्षं हीच जागरूकता वाटत फिरलोय, म्हणून सांगतो.

कारखान्यात सुरक्षेचे वर्ग घ्यायचो. पोस्टर, स्लाइड, शेवटी हजेरीपटावर सह्या. जुना रंग उतरवायला तिथे मिथिलीन क्लोराइड या रसायनाचं स्ट्रिपर, म्हणजे रंग सोडवणारं द्रावण, वापरायचे. माझं ठरलेलं पालुपद : ग्लोव्हज घाला, वास आला की बाहेर या. एकदा वर्ग संपल्यावर एक वयस्कर कामगार मागे थांबले. "साहेब, ग्लोव्हज घातले तरी पाच मिनिटांत आत बोटं गार पडतात, मग चुरचुरतात." ग्लोव्ह पुढे केला. बोटांची टोकं फुगून चिकट झालेली. मी काय सांगावं? "दोन जोड घाला."

घरी जाऊन त्या स्ट्रिपरचं माहितीपत्रक नीट वाचलं. साध्या रबरी किंवा नायट्राइल ग्लोव्हजमधून हे काही मिनिटांत आरपार जातं. वासाचं तर विचारूच नका. अमेरिकेत तेव्हा कामाच्या जागेच्या हवेतली मर्यादा होती २५ पीपीएम (दहा लाख भागांत २५), आणि नाकाला कळतं ते त्याच्या कितीतरी पट झाल्यावर! शरीरात त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. वाफ हवेपेक्षा जड, तळाशी साचते. बाथटबचा रंग काढताना माणसं मेली आहेत.

मॅनेजरशी भांडलो, स्ट्रिपर बदला म्हणून. ते म्हणाले, "आपण सांगितलंय ना? सह्या आहेत ना?" हजेरीपट कोणासाठी होता ते त्या दिवशी कळलं.

युरोपने २०१२ पर्यंत ही स्ट्रिपर जवळपास बंद केली. अमेरिकेने घरगुती ग्राहकांना विकणं २०१९ मध्ये थांबवलं. पेट्रोलमधल्या शिशाचंच घ्या, श्वास कसा घ्यावा हे कोणाला शिकवणार होतात? शेवटी २०२१ मध्ये अल्जीरियाने ते बंद केलं तेव्हा कुठे जगातल्या पंपांवरून गेलं.

शिक्षण अगदीच फुकट असं म्हणत नाही हं. आणि नुसत्या बंदीनेही भागत नाही : या स्ट्रिपरला पर्याय म्हणून एनएमपी नावाचं दुसरं रसायन आलं, ते गर्भाला घातक निघालं. म्हणून माल बाजारात आणायच्या आधी त्याची माहिती देण्याची जबाबदारी कंपनीवरच हवी. युरोपात २००७ पासून तसा कायदा आहे.

तुम्ही स्वतः असे वर्ग घेत असाल तर ग्लोव्हज कशाचे आहेत ते आधी विचारा, उत्तर मिळेपर्यंत हजेरीपट फिरवू नका. मी फिरवला होता. त्या कामगाराचीही सही आहे त्यात, तारखेसकट.