चेंडू किती फ्रेममध्ये पडतो?

चि. स.,
अनेक आशीर्वाद.

तुझी मेल वाचली, जोडलेला तक्ताही पाहिला. ॲनिमेशनच्या कुठल्या ऑनलाइन एम.ए.त कुठलं सॉफ्टवेअर शिकवतात, फीचे हप्ते किती, लॅपटॉपला ग्राफिक्स कार्ड कुठलं लागेल, सगळं रंग भरून मांडलं आहेस. एक रकाना मात्र नाही, आणि मला तेवढाच महत्त्वाचा वाटतो. तुझा शॉट फ्रेम-फ्रेम, म्हणजे एकेक चित्र, पुढे ढकलत पाहणारा माणूस तिथे आहे का? ‘छान आहे, जरा स्मूद करा’ म्हणणारा नव्हे. ‘चौदाव्या फ्रेमला पाय टेकला, मग वजन विसाव्याला का येतंय?’ असं विचारणारा.

तुझ्या शोरीलमध्ये, म्हणजे कामाचे नमुने दाखवणाऱ्या व्हिडिओत, शीर्षकाची अक्षरं वरून पडतात. खरं तर पडत नाहीत, लिफ्टने आल्यासारखी उतरतात. दोन्ही कीफ्रेम (हालचालीची सुरुवात आणि शेवट ठरवणाऱ्या फ्रेम) निवडून आफ्टर इफेक्ट्समध्ये एफ-नाइन दाबलंस, ईझी ईझ (सुरुवातीला आणि शेवटी वेग मंदावणारी सोय) लागलं, काम झालं. आता जरा हिशेब कर. चार फुटांवरून सोडलेला चेंडू जमिनीवर यायला साधारण अर्धा सेकंद घेतो, म्हणजे सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगाने १२ फ्रेम. पहिल्या सहा फ्रेममध्ये तो जेमतेम एक फूट खाली येतो. उरलेले तीन फूट शेवटच्या सहा फ्रेममध्ये. जमिनीला लागतो तेव्हा त्याचा वेग सगळ्यात जास्त असतो, आणि तुझं ईझी ईझ नेमका तिथेच त्याला ब्रेक लावतं. म्हणून अक्षरांना वजन नाही. रंग, टेक्श्चर, सावली यांनी ते येणारही नाही. सॉफ्टवेअरला हे कळत नाही, तुला कळायला हवं. मोजायला शीक.

‘लॅपटॉप जुना आहे’ हे तू मेलमध्ये पुन्हा पुन्हा लिहिलं आहेस. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ च्या सुमारास, वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चित्र घेत टिपली होती. किती दिवसांची वाढ पडद्यावर किती वेळात दाखवायची, याचा हिशेब डोक्यात असल्याशिवाय ते होत नाही. अमेरिकेत जॉन व्हिटनी यांनी विमानविरोधी तोफांच्या नेमबाजीसाठी बनवलेली, महायुद्धानंतर मोडीत निघालेली यंत्रं घेऊन हलणारी नक्षी काढली आणि १९६० मध्ये मोशन ग्राफिक्स नावाने कंपनीच काढली. ब्लेंडर हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर फुकट आहे, राखाडी ठोकळे तुझ्या लॅपटॉपवर आरामात हलतात. पुढचं रडगाणं मला सांगू नकोस.

मी लाइटबॉक्सवर, म्हणजे खालून उजेड येणाऱ्या काचेवर कागद ठेवून, शिकले. एक्सपोझर शीट भरल्याशिवाय पेन्सिल हातात मिळत नसे. कुठलं चित्र किती फ्रेम थांबणार ते आधी कागदावर. एका चित्राला दोन फ्रेम धरल्या तर सेकंदाला बारा चित्रं. मला अहमदाबादला पुढे शिकायला जायचं होतं. घरून नाही म्हणाले असं मी बरीच वर्षं सांगत आले, पण घरच्यांशी भांडायची ताकद तेव्हा माझ्यात नव्हती. ऑनलाइन असं काही तेव्हा असतं तर मी रात्रपाळी करून शिकले असते. म्हणून ‘नांदेडमध्ये बसून खरं शिक्षण होतं का?’ या तुझ्या प्रश्नाचा मला थोडा रागच आला.

पुढे टीव्हीसाठी प्रोमो केले. चॅनेलचा लोगो येऊन थांबतो तिथे आणखी दोन फ्रेम हव्यात म्हणून मी भांडायचे. टीव्हीच्या २५ फ्रेमच्या सेकंदात दोन फ्रेम म्हणजे काय दिसणार, असं सगळे म्हणत. दिसतं. बघणाऱ्याला सांगता येत नाही, पण लोगो टेकला की घसरला ते त्याला कळतं. माझ्यामागून आलेले क्रिएटिव्ह हेड झाले, मी एडिट टेबलवरच राहिले. त्यांच्या प्रोमोंमधले लोगो अजून घसरतात. असो. हे तुला सांगायचं कारण नव्हतं.

ऑनलाइनची एक गोष्ट आमच्या स्टुडिओपेक्षा सरस आहे. शिक्षक तुझ्या शॉटवर रेघा ओढून जो व्हिडिओ पाठवतो तो तुझ्याकडे राहतो, हवा तितक्यांदा थांबवून बघता येतो. आमच्या सरांचं बोलणं कानावर पडलं तेवढंच. वाईट गोष्ट अशी की मागून जाता जाता कुणी ‘हे काय चाललंय?’ म्हणत नाही. तू ब्लॉकिंग (मुख्य पोझचा कच्चा आराखडा) लपवून ठेवशील, स्प्लाइन करून मधली हालचाल गुळगुळीत करशील, रेंडर मारून अंतिम व्हिडिओ काढशील आणि मग दाखवशील. तोवर टायमिंग बदलायचा जीव उरलेला नसतो. त्यामुळे प्रवेशाआधी विचारून घे: आठवड्याला थेट समीक्षा होते का, बॅचमध्ये किती जण, शिकवणारा स्वतः अजून शॉट करतो का.

पदवी मान्यता असलेलीच हवी, हे आईचं म्हणणं मला पटतं. उद्या कॉलेजात शिकवायचं ठरवलंस तर साधारणपणे पदव्युत्तरला ५५ टक्के आणि वर नेट-सेट ही पात्रता परीक्षा लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांखाली मान्यता असलेली ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीइतकीच धरतात, पण ही मान्यता ठरावीक सत्रांपुरती असते. आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत त्या विद्यापीठाचं आणि त्याच अभ्यासक्रमाचं नाव स्वतः बघ. एजंटच्या पीडीएफवर जाऊ नकोस. परदेशी विद्यापीठाची ऑनलाइन पदवी इथे समकक्ष धरली जाईल असं गृहीत धरू नकोस. आधी विद्यापीठ अनुदान आयोगाकडे चौकशी कर, मग पैसे भर.

परदेशी शिक्षक एक गोष्ट शिकवणार नाहीत: देवनागरी. अक्षरं सुटी हलवणारा तयार इफेक्ट लावला की बऱ्याचदा वेलांटी एका बाजूला, व्यंजन दुसऱ्या बाजूला जातं आणि शिरोरेखा तुटते. तुझ्या रीलमध्येही तुटली आहे. आधी शब्द अखंड आण, शिरोरेखा वेगळी काढ, मग काय हलवायचं ते ठरव. आणि शीर्षक मोठ्याने दोनदा वाचून होईल इतका वेळ पडद्यावर थांबव. तुझं मला एकदाही पुरतं वाचता आलं नाही.

एआय सगळं करेल असं दादा म्हणतो. करू दे की. त्याने दिलेल्या चालीत पाय कुठल्या फ्रेमला घसरला हे सांगणारं कुणीतरी लागेलच, आणि ते सांगायला मोजता यावं लागतं.

आई तव्यावर पोळी उलटते ते मोबाइलवर घे. मोबाइल बहुधा ३० फ्रेमने घेतो आणि तुझा प्रोजेक्ट २४ चा आहे, ते आधी जुळव, नाहीतर मोजणी चुकेल. पोळी सुटते कधी, वर थांबते किती, पडते कधी हे कागदावर लिही. मग राखाडी चकतीने तेच कर. रेंडर नको, नुसता प्लेब्लास्ट (झटपट काढलेला कच्चा व्हिडिओ) आणि कागदाचा फोटो पाठव. प्रवेशाची मुदत महिनाअखेर आहे म्हणालीस ना, मग रविवारपर्यंत पाठव. फीचं त्यानंतर बोलू.

तुझी,
ताई