मोमेंटमध्ये अंतर कुठे एकदा, कुठे दोनदा?

बलाच्या मोमेंटमध्ये (म्हणजे बल गुणिले आसापासूनचं अंतर) अंतर एकदाच येतं आणि मोमेंट ऑफ इनर्शियात (म्हणजे फिरण्याची गती बदलायला वस्तू करते तो विरोध) त्याचा वर्ग, मग दोघांना एकच नाव का, असं तुम्ही विचारलंय. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला हा प्रश्न पडला याचा मनापासून आनंद झाला. बहुतेक जण सूत्र पाठ करून मोकळे होतात.

लोअर परळला गिरण्यांच्या जागी टॉवर चढतायत, तिथली क्रेन नीट बघा. समजा, ५० मीटरवर, हाताच्या टोकाशी, ती २ टन उचलते. ट्रॉली २० मीटरवर आणली की, हाताचं स्वतःचं वजन सोडून दिलं तर, तेवढ्याच तोलात ५ टन उचलता येतात. गुणाकार दोन्हीकडे १०० टन-मीटर. मागच्या आखूड हातावरचे काँक्रीटचे ठोकळे हाच तोल सांभाळायला असतात.

तरफेचा हा नियम आर्किमिडीजने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सिद्ध केला, पण गुणाकार न करता! वजन आणि लांबी या वेगळ्या जातीच्या राशी. ग्रीक गणितात त्यांचा गुणाकार करत नसत. त्याने मांडलं ते व्यस्त प्रमाण. पुढे १५६५ साली इटालियन गणिती कोमान्दिनोने गुरुत्वमध्याची व्याख्या केली: ज्या बिंदूभोवती सगळ्या बाजूंचे भाग समान मोमेंटचे असतात, तो. गॅलिलिओने तर स्पष्टच म्हटलं की मोमेंट म्हणजे वस्तूचा खाली जाण्याचा कल, आणि तो नुसत्या जडपणातून येत नाही, वजनांच्या मांडणीतून येतो. मला विचाराल तर सगळं मर्म इथेच आहे.

आता वर्गाकडे. फिरणाऱ्या वस्तूतला m वस्तुमानाचा कण आसापासून r अंतरावर आहे. कोनीय त्वरण (फिरण्याचा वेग बदलण्याचा दर) α असेल तर त्याचं रेषीय त्वरण rα, म्हणजे लागणारं बल mrα. त्या बलाचं मोमेंट काढायला पुन्हा r ने गुणा: mr²α. एक r गतीतून आला, दुसरा तरफेतून. सगळ्या कणांच्या mr² ची बेरीज म्हणजेच मोमेंट ऑफ इनर्शिया. ही बेरीज डच शास्त्रज्ञ हायगेन्सच्या १६७३ च्या लंबकावरच्या ग्रंथात येते, तिला हे नाव स्विस गणिती ऑयलरने दिलं. संख्याशास्त्रातले मोमेंटही कार्ल पिअर्सनने यांत्रिकीतूनच उचलले.

आता कागद घेऊन M वस्तुमानाच्या, L लांबीच्या एकसारख्या दांड्याचं मोमेंट ऑफ इनर्शिया स्वतः काढा, दांड्याला लंब आस आधी मध्यातून, मग टोकातून घेऊन. ML²/१२ आणि ML²/३ येईल. दांडा तोच, वजन तेच, फरक चौपट. अडलात तर पायऱ्या इथे लिहा, बघतो.