सिंकखालच्या कॅबिनेटला एमडीएफ चालेल का, की प्लायच घ्यावं?

सिंकखाली एमडीएफ नकोच, तिथे बीडब्ल्यूपी (बॉइलिंग वॉटर प्रूफ, पाण्याला टिकणारं) प्लाय घ्या, म्हणजे दुकानदार ज्याला ७१० म्हणतात ते, आणि शीटवर आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का स्वतः बघा, नुसतं बिलावर लिहिलेलं पुरत नाही. माझं कामच मॉड्युलर किचनचं आहे, दुरुस्तीला येतात ती बहुतेक सिंकखालचीच कॅबिनेटं. एमडीएफ म्हणजे लाकडाचे तंतू रेझिनमध्ये दाबलेले, पाईप थोडा जरी गळला तरी फुगतं आणि मग बिजागरीचे स्क्रूही धरत नाहीत, परत पहिल्यासारखं काही होत नाही. फक्त एक, वरच्या कोरड्या कपाटांच्या शटरला पीयू (पॉलियुरेथेन रंगाचं) फिनिश करायचं असेल तर एमडीएफच बरं, पृष्ठभाग एकदम गुळगुळीत मिळतो. बाकी प्लाय घेतलंत तरी कापलेल्या कडा नीट सील करून घ्या, सुतार तेच हमखास टाळतात.