अल्टरनेटर घेण्याआधी एवढं गणित करा

इंजिनाला पुली-पट्ट्याने अल्टरनेटर (फिरवल्यावर वीज देणारं यंत्र) जोडून स्वतः वीज तयार करायची कल्पना चांगली आहे, करून बघाच. फक्त ‘पुली बदलली की पॉवर वाढते’ हे आधी डोक्यातून काढून टाका. पुलीने वेग वाढला की त्याच प्रमाणात टॉर्क (फिरवण्याचा जोर) घटतो. पॉवर वाढत नाही, उलट पट्ट्यात थोडी वायाच जाते.

सूत्र एकच पाठ करा: किलोवॅट (पॉवर) = न्यूटन-मीटर (टॉर्क) × आरपीएम (मिनिटाला फेरे) ÷ 9550.

समजा लोड (त्यावर चालणारी उपकरणं) 5 किलोवॅट आणि अल्टरनेटर चार पोलचा (चुंबकीय ध्रुवांचा). 50 हर्ट्झसाठी तो 1500 आरपीएमलाच फिरला पाहिजे. कार्यक्षमता 83 टक्के धरली तर शाफ्टवर (फिरत्या दांड्यावर) 6 किलोवॅट, म्हणजे साधारण 38 न्यूटन-मीटर टॉर्क हवा. दोन पोलचा, 3000 आरपीएमचा घेतलात तर टॉर्क निम्मा, पॉवर तेवढीच.

नवखे इथे चुकतात:

- रिकामा अल्टरनेटर हाताने फिरतो, म्हणून छोटं इंजिन पुरेल असं वाटतं. लोड जोडताच शाफ्ट जड होतो. डिझेल इंजिनजवळ उभं राहून ऐका: पंप चालू केला की आवाज क्षणभर दबतो, मग गव्हर्नर (वेग सांभाळणारा भाग) इंधन वाढवतो आणि वेग पुन्हा जागेवर येतो. वाढला तो टॉर्क.
- केव्हीए (अल्टरनेटरवर लिहिलेली क्षमता) म्हणजेच किलोवॅट धरणं. 0.8 पॉवर फॅक्टरला (केव्हीएतला प्रत्यक्ष कामाला येणारा वाटा) 5 केव्हीएचे 4 किलोवॅटच होतात.
- अल्टरनेटरच्याच विजेवर मोटर चालवून तोच अल्टरनेटर फिरवायचे व्हिडिओ. त्यात एक रुपयाही घालू नका.

एव्हीआर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) वगैरे सध्या राहू द्या. आधी लोडची यादी काढा आणि इंजिनाच्या प्लेटवर एचपी किती आरपीएमला दिली आहे ते पाहा. 1500 ला 8 एचपी म्हणजे जेमतेम 6 किलोवॅट, अगदी काठावर पडेल, 10 ची घ्या.